मुसळाची सावली आणि बाबांच्या वहाणा

शमीमचं नाव आधी लिहिते. लिहिता लिहिता माझं लक्ष भलतीकडे जाईल, हात दुखायला लागेल, कुणी दार वाजवेल, आणि मुख्य माणूसच राहून जाईल, अशी मला धास्ती वाटते. म्हणून पहिल्याच ओळीत. शमीम, आमच्या गावच्या पत्र्याचं काम करणाऱ्या दादामियाँची नात. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि तरी माझ्याच वर्गात, कारण पाचवीला ती दोनदा नापास झाली होती. मी सातवीच्या पुढे शाळेचं तोंड पाहिलं ते तिच्यामुळे. शाळा मी पुढे नववीत सोडली हे खरं, पण मधली ती दोन वर्षं मला मिळाली. घरापासून इतक्या लांब, तिरुप्पूरला, बनियनच्या कारखान्यात माप तपासायच्या टेबलावर मी आयुष्य काढलं ते त्याच दोन वर्षांतल्या शिक्षणावर. टेप धरून इंच मोजताना मला कितीदा तरी शमीमची बोटं आठवायची. का, ते पुढे येईलच.

आमचं गाव डोणगावाहून पायी तासाभरावर. आमच्या अंगणाला लागून एक बोळ, आणि बोळाच्या त्या टोकाला दादामियाँचं दुकान. दुकान म्हणजे घराचीच ओसरी. तिथे ते पत्र्याच्या पेट्या, चाळण्या, तेलाची मापं करायचे. सकाळी आमच्या घरात जातं थांबलं की तिकडे हातोडी सुरू व्हायची. टाण टाण टाण, मग जरा थांबून टुक टुक. माय म्हणायची, "दादामियाँची कड वळून राह्यली." आवाजावरून तिला कळायचं पेटी आहे की चाळणी. मी लहानपणापासून भित्री. कडी लावली की नाही हे तीनदा बघायची, गुरुजींनी हाक मारली की आधी रडू यायचं आणि मग उत्तर. पण अक्षर चांगलं, पाठांतर पक्कं, त्यामुळे पहिल्या बाकावर. शमीम शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी. ती सगळ्यांना 'बे' म्हणायची, मुलींनाही. "पोरीच्या जातीनं बे म्हनू नये वं," अशी माझी माय तिला रागवायची, तर ती म्हणायची, "बरं बे काकी," आणि पळून जायची. मायला हसू आवरायचं नाही.

आम्हा दोघींना एकत्र आणलं ते गुरुजींच्या कपाटानं. सातवीच्या वर्षी कपाट झाडायचं काम आम्हाला लागलं. मला कारण मी सांगितलेलं नीट करते म्हणून, आणि तिला शिक्षा म्हणून. तळाशी एक पुस्तक सापडलं, पुठ्ठा गेलेला, पहिली काही पानं गेलेली, त्यामुळे त्याचं नाव आणि लेखक आम्हाला कधीच कळले नाहीत. आकाशाविषयी होतं. गुरुजी म्हणाले, "न्या. इथी उंदरं खातील." ते आम्ही आळीपाळीनं घरी नेऊ लागलो. शमीमला वाचायचा कंटाळा. ती चित्रं बघायची, आणि मग खरोखर वर बघायची. हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं पुस्तकात आहे म्हणजे झालं. दिवसाढवळ्या सकाळी शाळेत जाताना फिक्कट चंद्र दिसला की ती थांबायची. "हा काल त्या बाभळीवर होता. आज इकडं काऊन सरकला?" मी पान उघडून वाचून दाखवायची. दिवेलागणीला आमच्या गोठ्याच्या मागे उभं राहून आम्ही पश्चिमेची चांदणी बघायचो. ती म्हणायची, "रोज खाली येऊन राह्यली," आणि मी म्हणायची, "ती चांदणी नव्हे, तो शुक्र आहे, ग्रह आहे." "तुह्या पुस्तकातला असंन. माह्या डोळ्यातली चांदणीच हाये." आमचं असं चालायचं. तिच्याशिवाय मी काही बघितलं नसतं आणि माझ्याशिवाय तिनं काही लिहून ठेवलं नसतं.

त्या पुस्तकात एक वाक्य होतं की आपल्या भागात वर्षातून दोन दिवस सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. मला ते खोटं वाटलं. सावली कशी नाहीशी होईल? शमीमला मात्र त्यात नवल वाटलं नाही. तिच्या अंगणात लोखंडाचा एक गज रोवलेला होता, माझ्या कमरेएवढा. दादामियाँ गावच्या छोट्या मशिदीत बांगही द्यायचे. सूर्य ऐन माथ्यावर असताना नमाज पढत नाहीत. तो जरा ढळला की मग दुपारच्या नमाजाची वेळ सुरू होते. त्या ढळण्याला ते जवाल म्हणायचे. त्यासाठी रोज दुपारी हातोडी खाली ठेवून ते गजापाशी उभे राहायचे. सावली आखडत आखडत थांबली आणि पुन्हा वाढू लागली की जवाल झाला. शमीम हे जन्मापासून बघत होती. ती म्हणाली, "वैशाखात ती लय बुटकी होते. पार जाते का ते नाही पाह्यलं. पाहू."

पाडवा झाल्यावर आम्ही मोजायला लागलो. शाळा सकाळची असायची. अकराला सुटली की मला बाबांची भाकर घेऊन शेतात जावं लागे. उन्हाळ्यातली नांगरणी चाललेली, शेत लांब, परत यायला दोन-अडीच व्हायचे. त्यामुळे सावली मोजायची शमीमनं आणि वहीत लिहायची मी, असं ठरलं. ती संध्याकाळी यायची आणि हात पुढे करून दाखवायची. पहिल्या दिवशी म्हणाली, "एक वीत, जरा कमी." मग वितेवरून बोटांवर आली. सात बोटं. सहा. साडेपाच. मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून, वर सुबक अक्षरात 'दुपारी १२ वाजताची सावली' असं लिहून, खाली तिचे आकडे भरत गेले. ते शीर्षक मी तिला विचारून लिहिलं नव्हतं, आणि तिनं ती वही कधी उघडून बघितली नाही. आज हे लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा त्या एका शीर्षकापायी माझं सगळं बुडायची वेळ आली होती.

झालं असं की निकाल लागला, मी सातवी पास झाले, शमीमही कशीबशी सुटली, आणि आमच्या गावातली शाळा संपली. आठवीला डोणगावला जायला लागणार होतं. गुरुजी घरी येऊन बाबांना सांगून गेले की पोरगी हुशार आहे, दाखला घेऊन जा. बाबा त्यावर संध्याकाळी जेवताना बोलले. त्या दिवशी कळण्याची भाकर होती, कांद्याची पात होती, हे मला इतकं नीट आठवतं कारण माझा घास हातातच राहिला होता.

"रोज तासभर जाणं अन तासभर येणं," ते म्हणाले. "कायले? शिकून राह्यली काय, त दादामियाच्या पोट्टीसंगं सावल्या मोजून राह्यली. सारा गाव हासते."

माय म्हणाली, "मोजू द्या ना. पैशेपानी लागते का सावलीले?"

मी बाबांसमोर कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी कसं उघडलं कोण जाणे. "बाबा, येत्या गुरुवारी मुसळाची सावली जानार हाये. पार. तुम्ही पाहा."

गुरुवार मी हिशेबानं काढला होता. शुक्रवारी एक बोट उरलं होतं, आणि तीन दिवसांत अर्धं बोट कमी होतंय हे वहीत दिसत होतं.

बाबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ते चिडतील असं वाटलं, पण त्यांना गंमत वाटली असावी. "सावली गेली त डोणगावले जाय. नाही गेली त दप्तर माळ्यावर. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले, आणि मला रात्रभर झोप आली नाही. नंतरच्या पाच रात्रीही नाही.

गुरुवारी आमचं अंगण कुरडयांनी भरलेलं होतं. मायनं पहाटे चीक शिजवून बाजांवर, जुन्या धोतरांवर कुरडया घातल्या होत्या आणि जायला यायला एक पायवाट तेवढी ठेवली होती. त्यांच्या मधोमध मी मुसळ उभं केलं. गवंड्याकडून ओळंबा मागून आणला होता, तो चारी बाजूंनी धरून बघितला, बुडाशी माती ठोकली. बाबांना वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, शेवटायला, धार काढून आणायला, डोणगावच्या लोहाराकडे जायचं होतं. ते म्हणाले, "बाराले पाहीन अन निंघीन." शेजारपाजारचे चारसहा जण आले होते. बाबांनी त्यांचं लग्नातलं घड्याळ मनगटावर चढवलं आणि ओसरीवर बसून बघत राहिले. पावणेबारा. सावली वीतभर होती, पश्चिमेकडे पडलेली. मला वाटलं एकदम जाईल. बाराला पाच कमी. आठ बोटं. मग बाबा म्हणाले, "वाजले बारा."

सावली सहा बोटं होती. मी वाकून बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. काळीभोर, ठळक सहा बोटं. शेजारचे आजोबा म्हणाले, "मुसळाले नमस्कार कर पोरी, अन भाकरी शिक." सगळे हसत घरी गेले. ऊन असं होतं की थांबायचं कुणाला कारण नव्हतं. बाबा हसले नाहीत. त्यांनी नुसतं "हं" केलं आणि वखराची पास उचलून फडक्यात गुंडाळायला लागले. त्या "हं"चीच मला जास्त भीती वाटली. माय चुलीपाशी गेली. मी मुसळाशेजारी उभी राहून रडत होते, आणि रडतानाही पाय कुरडयांवर पडू नये म्हणून जपत होते.

तेवढ्यात बोळातून शमीम आली. निवांत, कैरी खात.

"काय झालं बे? रडून काऊन राह्यली?"

"बारा वाजून गेले. सहा बोटं हाये."

"मंग?"

"मंग काय! गेली नाही ना. दप्तर माळ्यावर."

"बारा वाजता जाते म्हनून तुले कोणी सांगतलं?"

"तूच त मोजत होती रोज!"

"मी बाराले कवा मोजली? आमच्या घरी घड्याळ कोठी हाये? दादामियाँ गजापाशी उभे राह्यले की मी मोजते. ते त अजून पेटीले कडी ठोकून राह्यले. आयक ना."

मी कान दिला. बोळाच्या त्या टोकाकडून येत होतं, टाण टाण टाण, टुक टुक. हातोडी थांबलेली नव्हती. म्हणजे सूर्य अजून चढत होता. माझ्या डोक्यात ते पुस्तकातलं 'मध्यान्ही' आणि माझ्या वहीतलं 'दुपारी १२' एकमेकांवर आपटले. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा, हे मी माझ्या मनानंच धरलं होतं. घड्याळ साऱ्या देशाला एक असतं आणि सूर्य मात्र एकेका गावावर वेगळ्या वेळी येतो, हे मला पुढे डोणगावच्या शाळेत नीट कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की बाबा निघाले आहेत.

"बाबा, जरा थांबा," मी म्हणाले, पण ते मलाच जेमतेम ऐकू आलं. बाबा ओसरीच्या कडेला आले आणि त्यांनी पाय खाली सोडले. खाली वहाणा नव्हत्या.

"वहाणा कोठी गेल्या?"

शमीम अंगणातल्या कडुलिंबाच्या दुसऱ्या फांदीवर बसली होती. बाबांच्या जाड तळाच्या, खिळे मारलेल्या वहाणा तिच्या दोन्ही हातांत होत्या. ती कधी चढली ते मी शेजारी उभी असून बघितलं नाही.

"काकाजी," ती वरून म्हणाली, "जरासे बसा. अजून वेळ झाली नाही."

"खाली ये! वहाणा दे माह्या!"

"देते ना. पायात नाही घातल्या, हातातच धरल्या. सावली गेली की देते. नाही गेली तरी देते. पन हातोडी थांबू द्या."

बाबा खाली उतरले आणि लगेच परत वर चढले. वैशाखातल्या आमच्या अंगणात भर दुपारी अनवाणी उभं राहणं कुणाच्यानं व्हायचं नाही. ते पुन्हा उतरले, दोन पावलं नाचल्यासारखी टाकली, आणि परत ओसरीवर. चुलीपाशी माय पदर तोंडाला लावून बसली होती, तिचे खांदे हलत होते. "लाज वाटते का त्या पोट्टीले?" बाबा तिच्यावर ओरडले. माय पन्ह्याचा गडवा घेऊन आली आणि म्हणाली, "तिच्या डोक्यावरची फांदी कवळी हाये. तुम्ही वरडू नका, अजून वर चढंन अन पडंन ते. हे प्या तोवर." बाबा नाइलाजानं बसले. प्यायले. घड्याळ बघितलं. बारा वाजून सात मिनिटं.

मी मुसळाकडे बघत होते. सहाची चार बोटं झाली होती. मग तीन. मग मला माझी बोटं लावायची भीती वाटायला लागली, म्हणून नुसती बघत राहिले. सावली मुसळाच्या बुडाकडे अशी चढत होती की जणू मुसळ तिला आत ओढून घेतंय. एक बोट. अर्धं. आणि बोळापलीकडची हातोडी थांबली.

इतकी शांतता त्या गावात मी कधी ऐकली नव्हती. मुसळाच्या भोवती चारी बाजूंनी नुसतं ऊन होतं, पांढरं, सपाट. मुसळ जमिनीवर टेकलेलं वाटेना, नुसतं ठेवल्यासारखं दिसत होतं. शमीम फांदीवरून म्हणाली, "गेली वं?" बाबाच उठले. वहाणा नाहीत हे विसरून ते अंगणात आले, एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, मायच्या कुरडया चुकवत मुसळापाशी पोचले. वाकून बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. त्यांच्या टोपीची सावली त्यांच्याच पावलांवर गोळा झालेली, बाहेर काही नाही. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"हे मी पाह्यलेलं हाये," बाबा म्हणाले. पाय भाजत होते, तरी तिथेच उभे. "विहीर खांदली त्या वर्साले. लय खोल गेल्तो. रोज दुपारी ऊन भिताडावरच ऱ्हाये. एक दिवस साऱ्या तळाले ऊन पडलं. सावलीचा कोपराच नाही. वरी पाह्यलं, त सूर्य विहिरीच्या तोंडात. मले वाटलं मलेच भोवळ आली. कोनाले सांगतलं नाही. हासले असते लोक."

ते एवढं लांब माझ्याशी पहिल्यांदाच बोलले असतील. मग एकदम भान आलं आणि उड्या मारत ओसरीवर परतले. शमीम खाली उतरली, वहाणा फ्रॉकला पुसल्या आणि त्यांच्या पायांपाशी नीट जोडीनं ठेवल्या. मार खायच्या तयारीनं डोळे मिटून उभी राहिली. बाबांनी वहाणा घातल्या, वखराची पास खांद्यावर घेतली. "दादामियाले सांगतो तुह्यं," ते म्हणाले, आणि दारातून वळून मला, "गुरुजीले म्हन, उद्या दाखला घ्याले येतो." मशिदीतून बांग सुरू झाली तेव्हा ते बोळाच्या टोकाला पोचले होते.

दादामियाँना त्यांनी खरंच सांगितलं. दादामियाँनी शमीमला आमच्या दारात आणून बाबांची माफी मागायला लावली, कान धरून. "बुजुर्गाच्या वहाणा घेऊन झाडावर चढते? शरम कर." बाबा म्हणाले, "राहू द्या दादामियाँ, माह्या पायाले आजवर कोनी एवढं जपलं नाही." मग दोघं बराच वेळ त्या गजाविषयी आणि विहिरीविषयी बोलत बसले, आणि आम्हाला कुणी विचारलं नाही.

मी डोणगावला गेले. शमीम नाही आली. तिच्या घरी कुणी नको म्हटलं नव्हतं. दादामियाँची नजर मंद झाली होती आणि पत्र्यावर रेघ ओढायला तिचे डोळे लागायचे. "तू जाय," ती म्हणाली, "संध्याकाळी येऊन मले सांगजो." दोन वर्षं मी रोज सांगितलं. ती पत्रा कापत ऐकायची आणि मध्येच असं काही विचारायची की दुसऱ्या दिवशी मला ते वर्गात विचारावं लागे. नववीत माय अंथरुणाला खिळली, घर माझ्यावर आलं, आणि शाळा सुटली. नंतर लग्न, नंतर हे लांबचं शहर, ज्याची भाषा मला अजून नीट येत नाही. रडगाणं गायचं नाही असं मी ठरवलं आहे. मला जे मिळालं ते मला मिळणारच नव्हतं, हे मी विसरलेले नाही.

शमीम आता आजी झाली आहे. दुकान तिच्या मुलाकडे आहे, तरी हातोडी तिनं सोडलेली नाही, आणि गजही अंगणात तसाच आहे. आम्ही फोनवर बोलतो. मागे मी तिला सांगितलं की इथे तिरुप्पूरला सावली वैशाखात जात नाही. आम्ही दक्षिणेला आहोत, त्यामुळे सूर्य आमच्यावर आधी येतो, चैत्राच्या सुमारास, आणि परतताना पुन्हा श्रावण-भाद्रपदाकडे. मी कारखान्याच्या गच्चीवर पट्टी उभी करून बघितलं आहे. आणि वेळ? बारा वाजून वीसच. तिचं गाव आणि माझं हे गाव जवळजवळ एकाखाली एक आहेत, त्यामुळे आम्हा दोघींच्या माथ्यावर दुपार जवळजवळ बरोबरच येते. हे तिनं मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे मी हातोडी ठेवली की तू बी टेप ठेवत असशील."

ती तालुक्याच्या गावाच्या, मेहकरच्या, पलीकडे कधी गेलेली नाही. मला रात्री जाग येते ती याच काळजीनं, की आम्हा दोघींचीही वयं झाली. म्हणून लिहून ठेवते, म्हणजे मला मागे सरता येणार नाही. शमीम, मी तुला इथे आणणार आहे. चैत्रात माझ्या गच्चीवर तुझी सावली घालवीन. मग आपण दोघी गावी जाऊ आणि वैशाखात तुझ्या गजापाशी उभ्या राहू. आषाढात गावीच थांबू, ढग असले तर बसून वाट बघू. मग परत इकडे येऊ, श्रावणानंतरची इथली. एका वर्षात चारदा. तू मध्येच घरी जायला निघशील हे मला माहीत आहे, म्हणून तू आलीस की पहिल्याच दिवशी तुझ्या चपला मी लपवणार आहे.